मास्तरांची वाटाण्याएवढी पेस्ट

मास्तर कॉम्प्युटर उघडण्याआधी त्याला उलटा हात लावून बघायचे आणि मग मालकाकडे वळून विचारायचे, "काय केलंस ते खरं सांग." आयटीआयमध्ये शिकवून निवृत्त झाल्यावर चेंबूरच्या घरातल्या बाहेरच्या खोलीत ते कॉम्प्युटर दुरुस्त करत. मशीन आपणहून कधीच बिघडत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. मला भेटल्यावर ते कोणालाही पटलं असतं.

मी मुलुंडला घरी बसून लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. कॉम्प्युटर फार तापायला लागला, तेव्हा मी प्रोसेसर थंड ठेवणारा नवा, भलामोठा कूलर मागवला. इंटरनेटवर चार व्हिडिओ पाहिले आणि बायकोला सांगितलं, "यात काय आहे? पंधरा मिनिटांचं काम." प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावायची असते. पुरीवर श्रीखंड लावावं तशी मी अख्खी ट्यूब संपवली. मशीन पाच मिनिटांत बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद. आत घाटकोपरच्या एका लग्नाची फिल्म अर्धवट होती आणि रविवारच्या रिसेप्शनला ती दाखवायची होती. कॅबिनेट मांडीवर घेऊन मी रिक्षाने मास्तरांचं घर गाठलं.

मास्तरांनी माझ्याकडूनच स्क्रू काढवले. कूलर वर आला, तर त्याच्या बुडावरचं पारदर्शक प्लास्टिक जसंच्या तसं.

"हे काढायला विसरलास?"

"विसरलो नाही, मास्तर. मुद्दाम ठेवलं. चरे पडू नयेत म्हणून."

आमच्या घरात नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढायची पद्धतच नाही. फ्रिजच्या दारावरचं अजून आहे आणि टीव्हीचा रिमोट पिशवीतच म्हातारा झालाय.

मास्तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "कूलरला प्रोसेसरचा विटाळ होतो काय रे?" माझं सोवळ्याओवळ्यातलं भटाचं आडनाव त्यांना ठाऊक होतं, त्यामुळे त्यांना जरा जास्तच मजा आली. मी खाली मान घालून प्लास्टिक सोलत बसलो.

"आता सगळं पूस आणि तूच लाव. वाटाण्याएवढी. कूलर दाबलास की ती आपोआप पसरते, तुझ्या पंजाची गरज नाही." ते स्वतः दोन्ही हात मांडीखाली घेऊन खुर्चीत बसून राहिले. फिल्म रविवारी वेळेवर लागली.

मग मला तिथे जायची सवयच लागली. येणारी इतर मशीनंही मास्तर मलाच उघडायला लावत. मी घाई केली की म्हणत, "गडबड कोणाला आहे? तुला की मशीनला?" मास्तरांनी माझ्यातला कारागीर ओळखला, असं मी मित्रांना ऐटीत सांगत सुटलो.

एका दुपारी काकूंनी चहा दिला आणि मास्तरांच्या हातात कपबशी खडखड वाजायला लागली. "थंडी वाजतेय का, मास्तर?" मी विचारलं. चेंबूरला, मे महिन्यात!

"अरे, दोन वर्षं झाली हात थरथरतात त्यांचे," काकू म्हणाल्या. "म्हणून तर तुझ्याकडून करून घेतात. तुला दिसलंच नाही?"

"त्याला कसं दिसणार?" मास्तर म्हणाले. "तो स्वतःवर खूश असतो ना."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या हातांवरच त्यांचं सगळं काम उभं होतं आणि मी स्वतःची पाठ थोपटत बसलो होतो.

यंदा दिवाळीनंतर दोघंही कायमचे मुलीकडे नाशिकला निघाले. सामान बांधून झालं होतं. टेबलावर शेवटचं मशीन माझंच होतं, पेस्ट बदलायला आणलेलं.

"आज मी लावतो," मास्तर म्हणाले आणि त्यांनी ट्यूब उचलली. पेस्ट बोटावर गेली, टेबलावर गेली, थोडी शर्टालाही लागली. प्रोसेसरवर काही ती पडेना. मी काढलेले स्क्रू मोजत राहिलो. त्यांनी हात पुसले आणि ट्यूब माझ्यापुढे धरली.

मी श्वास रोखून एक थेंब ठेवला. मास्तर चष्मा सावरत वाकले, बराच वेळ बघत राहिले.

"जास्त झाली."

झाली नव्हती. इतकी नेमकी पेस्ट मी आयुष्यात कधी लावली नव्हती. मी "हो मास्तर" म्हटलं, ती स्वच्छ पुसून काढली आणि पुन्हा लावली.