नाव न घेणारा लीड

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. तू आपला माणूस, म्हणून सांगतोय.

आधी माझी फुशारकी ऐकून घे. ठाण्यातल्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत माझ्या टीमसारखी टीम नाही. नाहीच! इथे कोणी कोणावर ओरडत नाही. घोळ झाला तर 'कोणी केला' हे विचारायचंच नाही, 'कसा झाला' एवढंच बोलायचं. हा नियम माझा. दुसऱ्या टीमची पोरं माझ्याकडे यायला बघतात. छाती फुगते रे — खोटं कशाला बोलू?

पण हा नियम आला कुठून?

एका शुक्रवारी आमचं औषध-दुकानांसाठीचं बिलिंग सॉफ्टवेअर बंद पडलं. गिऱ्हाईकं औषधं न घेता परत गेली. त्या दुपारी त्यात दोघांनीच नवा कोड टाकलेला — वैशालीने आणि मी. वैशाली तेव्हा नवीन, विठ्ठलवाडीची, घरातली पहिलीच इंजिनियर. तिने आपला कोड सीनियरकडून नीट तपासून घेतलेला. आणि मी? मी टीमचा लीड ना! माझा कोण तपासणार? थेट टाकला आणि चहाला गेलेलो.

घोळ माझ्या कोडमध्ये होता. मला लगेच दिसला. गुपचूप दुरुस्त केला — आणि गप्प बसलो.

सोमवारी मीटिंगमध्ये सगळ्यांच्या नजरा वैशालीवर. बिचारी पांढरीफटक पडलेली. मी उठलो. म्हणालो, "कोणाचंही नाव घ्यायचं नाही. जबाबदारी माझी." शब्द अगदी खरे होते, बघ. पण सगळ्यांना वाटलं, काय मोठ्या मनाचा माणूस! टाळ्या वाजल्या. मला त्या आवडल्या — हो, आवडल्या. तेव्हा तोंड उघडायला काय धाड भरलेली मला? आणि नियमच असा, की पुढे कोणी शोधलंच नाही.

नंतर वैशाली येऊन रडली. "सर, तुम्ही होतात म्हणून वाचले." थोड्याच दिवसांत तिने कोड लिहिणं सोडलं, टेस्टिंग मागून घेतलं. म्हणाली, माझा माझ्यावर भरवसाच राहिला नाही. मी 'ठीक आहे' म्हणालो. एवढंच.

काल ती नव्या पोरांना सांगत होती, "माझ्याकडून केवढा घोळ झालेला, पण सरांनी माझं नाव नाही घेतलं." मी बाजूलाच उभा होतो, मान ताठ. हसलोसुद्धा.

तिचा कोड बरोबर होता.