वैजूचे बाबा

आमच्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंइतका काळजीवाहू बाप सगळ्या सोलापुरात शोधून सापडायचा नाही, आणि त्यांना मूलबाळ नाही. बायकोही नाही. लग्नच झालेलं नाही, तेव्हा पुढचा प्रश्नच मिटला. तरी त्यांना वैजयंती नावाची एक मुलगी आहे, लाडानं वैजू, आणि तिच्या दप्तराच्या पट्ट्यापासून डोक्याच्या तेलापर्यंत एकेका गोष्टीवर त्यांनी जेवढा विचार केलाय, तेवढा मी माझ्या दोन जित्याजागत्या पोरांसाठी मिळूनही केलेला नाही. आमच्या घरात त्यांना नुसतं 'वरचे' म्हणतात. त्यांना नाव आहे, भाडेकरारावर ते लिहिलेलंही आहे, पण ते वाचायची वेळ कधी आली नाही. ते मला 'मालक' म्हणतात आणि आमच्या हिला 'वहिनी'.

वरचे पूर्वी नवी पेठेत एका चादरीच्या दुकानात पत्रव्यवहार बघायचे. 'आपली कृपा आहेच, ती अशीच राहावी' असलं काहीतरी गोडगोड लिहून थकलेली बाकी मागायची, हे त्यांचं काम. पुढं दुकान बसलं, मालकाच्या मुलानं त्याच जागेत मोबाइलची कव्हरं टांगली आणि वरचे घरी आले. चार-सहा महिने जिन्यात बसून काढल्यावर एके दिवशी फोन नाचवत खाली उतरले. म्हणाले, इंटरनेटवर एक ठिकाण सापडलंय, तिथं मिक्सर, बादल्या, चपला असल्या वस्तूंबद्दल मराठीत आपलं मत लिहायचं आणि ते लोक पैसे देतात. मला हसूच फुटलं. म्हटलं, "अवो, मत कोण विकत घेतंय? आपल्या गल्लीत कट्ट्यावर बसलेले फुकट देतात, वर चहा पाजतात." तर म्हणाले, "तितंच चुकतंय मालक. फुकटचं मत कुणी ऐकत न्हाई. पैसे घेऊन दिलं की लोक बसून वाचत्यात." आणि खरोखर पैसे यायला लागले की हो! बंगला बांधण्याइतके नव्हे, पण भाडं वेळेवर आणि दूधवाल्याला तोंड दाखवण्याइतके.

अट एकच होती. मत घरातल्या अनुभवाचं पाहिजे. नुसतं 'मिक्सर चांगला आहे' म्हणून भागत नाही. तो कोण वापरतं, त्यात काय वाटतं, घरची माणसं काय म्हणतात, हे सगळं हवं. आता या गृहस्थाच्या घरात माणूस एक, पातेलं एक आणि चमचा, तोही आमचा. मग काय करणार? पहिल्याच लेखात त्यांनी लग्न उरकून टाकलं. 'आमच्या मंडळींना हा मिक्सर फार पसंत पडला', बस्स, झाला संसार! ना मांडव, ना वाजंत्री, ना आम्हाला आमंत्रण. मी म्हटलं, "हे खोटं नाही का?" यावर त्यांनी फार गंभीर चेहरा केला. "वस्तूबद्दल एक अक्षर खोटं लिहिणार न्हाई मालक. घरच्यांबद्दल तर सगळेच बोलत्यात."

आणि हा नेम त्यांनी खरंच पाळला. हाताळल्याशिवाय, चालवून बघितल्याशिवाय एका वस्तूवर त्यांनी लिहिलं नाही. हाताळायच्या अर्थात आमच्या वस्तू. आमच्या मिक्सरमध्ये त्यांनी इतक्या वेळा शेंगाचटणी वाटली की आमची ही त्याला 'वरच्यांचा मिक्सर' म्हणायला लागली. त्यांची परीक्षा ठरलेली असे. मिक्सर असो, खलबत्ता असो, चटणी तेल सुटेपर्यंत झाली की पास. डबा कसलाही असो, त्यात कडक भाकरी न मोडता बसली पाहिजे. बसली नाही तर त्या डब्याची त्यांनी अशी काही हजेरी घेतली की बनवणाऱ्यानं धंदा बदलावा. उन्हाळ्यात ते नवी पेठेतल्या पंख्यांच्या दुकानात जाऊन चालू पंख्याखाली तास तास बसत. दुकानदारानं एकदा न राहवून विचारलं, "काका, घेनार हाय का?" वरचे शांतपणे म्हणाले, "घेणार न्हाई, मत देणार." त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं, तर त्यांनी घरी आल्यावर मला सांगितलं की वारा चांगला आहे, पण दारापर्यंत पोचत नाही.

वैजूचा जन्म झाला तो डायपरमुळे. कसल्याशा डायपरवर लिहायचं काम आलं, तेव्हा घरात बाळ असणं भागच होतं. बाळ कागदावर झालं, पण डायपर तपासायचा कशावर? आमच्या भाचीचं तान्हं मागायला आले होते, त्यांना हिनं हाकलून लावलं. मग त्यांची नजर जिन्यातल्या नळाकडं गेली. तो नळ तेव्हा गळायचा. वरच्यांनी त्या नळाला डायपर बांधला, समोरच्या पायरीवर मांडी घालून बसले आणि दुपार कलेपर्यंत हलले नाहीत. मधूनमधून बुडाखाली हात लावून बघायचे. 'आमची चिमुकली वैजू दुपारभर एकदाही रडली नाही,' असं त्यांनी लिहिलं, आणि नळाच्या बाबतीत ते शब्दशः खरं होतं. पण ही बाजारातून आली, तिनं ते ध्यान पाहिलं आणि सगळा राग माझ्यावर काढला. "नळाला पाणी चार दिवसाआड येतंय, आणि हितं टाकी गळतीय ती बांधून बघत बसलाय! लाज हाय का?" दुसऱ्याच दिवशी मी नवा नळ बसवून घेतला. तेव्हापासून त्यातून एक थेंब गळालेला नाही.

पुढं वैजू जी वाढली, तिच्या वाढीला धरबंध राहिला नाही. काम येईल तसं तिचं वय. पावसाळ्यात पाळण्यात होती, दिवाळीला तिला दप्तर आलं, पुढच्या उन्हाळ्यात चष्मा लागला. मग दहावीसाठी टेबलाचा दिवा, कॉलेजसाठी स्कूटर. ही म्हणायची, "पोरीला खायला काय घालताय हो भाऊजी, जरा आमच्या धाकट्यालाही द्या!" वरच्यांना थट्टा आवडायची, पण वैजूबद्दल बोलताना त्यांचा आवाज आपोआप हलका व्हायचा. स्कूटर उजवीकडं वळवताना ती घाबरते, म्हणायचे. कारल्याची भाजी खाते, पण शेजारी गूळ लागतो. मध्ये एकदा कमोडच्या खुर्चीवर लिहिताना त्यांनी कागदावरच्या सासूबाईंना मारून टाकलं आणि त्या वर्षी होळीला आमच्याकडची पुरणपोळी परत पाठवली, का, तर सुतक आहे! पुढच्याच महिन्यात म्हाताऱ्या माणसांच्या कमरपट्ट्याचं काम आलं, तेव्हा मात्र कपाळाला हात लावून म्हणाले, "थोडी घाई झाली मालक."

सगळं असं सुखात चाललेलं असताना शाम्पूनं घोळ घातला. दाट, कुरळ्या केसांचा शाम्पू होता. वैजूचे केस दाट आणि कुरळे. बापाच्या डोक्यावर तळहाताएवढंही रान नाही. आमच्या हिनं डोकं द्यायला साफ नकार दिला. मग वरचे उठले आणि मंद्रूपच्या बाजाराला गेले. तिथं एक मेंढरंवाले म्हातारे भेटले, त्यांना म्हणाले, "एक मेंढरू धुवू द्या. लेकीच्या केसासाठी बघायचंय." म्हाताऱ्यांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आपल्या मळ्यातल्या हौदावर नेलं. वरच्यांनी मेंढरू धुतलं, वाळवलं, विंचरलं, वास घेतला. निघताना म्हाताऱ्यांना घरचा पत्ता आणि आपलं लिहिलेलं मोबाइलवर कुठं वाचायचं, तेही सांगून आले. चार तारे दिले. एक तारा फेसानं घालवला, कारण मेंढरू शिंकलं.

महिन्याभरानं एका रविवारी सकाळी ते म्हातारे डोक्याला स्वच्छ पटका बांधून आमच्या दारात उभे. बरोबर त्यांचा मुलगा, चिंचोळी एमआयडीसीत नोकरीला, इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. म्हाताऱ्यांच्या काखेत कसलीशी गुंडाळी. वरच्यांना हाक मारली, ते बनियनवरच खाली आले. म्हातारे बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "मालक, मानसं लई बगितली. पन लेकीच्या डोक्याला लावायच्या आदी मेंढराला लावून बगनारा बाप म्या दुसरा न्हाय बगितला. अशा घरची पोर आमची सून व्हावी, येवडंच मनात हाय. आमच्या पोरानं बी तिचं समदं वाचलंय मोबाइलवर."

पोरगा लाजला. पण त्यानं खरंच सगळं वाचलं होतं. "उजवीकडं वळताना घाबरतात त्या," तो हळूच म्हणाला, "ते मी शिकवीन की." आतून पोहे घेऊन येणारी ही उंबऱ्यातच थबकली.

"पोरीचं वय काय म्हनायचं?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"सहा," वरचे बोलून गेले. मग घाईघाईनं पुढचं जोडलं. "सहा महिन्यांनी चोवीस पुरी होतील."

माझं हसू केव्हाच पळालं होतं. आता एकच वाक्य बोलायचं होतं. 'मला मुलगी नाही', एवढंच. संपला घोळ. मी डोळ्यांनी खुणावलं, हिनं उंबऱ्यातून बांगड्या वाजवल्या. वरच्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. ते वाक्य काही बाहेर येईना. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ते बोलले तर वैजू तिथंच, आमच्या बैठकीत, आमच्या डोळ्यांदेखत जाणार आहे, आणि तिला घालवायचं काम तिच्या बापाला करायचंय. फार वाईट वाटलं.

त्यांनी भलतंच केलं. मुलाकडं वळून चौकशी सुरू केली. कामाची पाळी कुठली असते? डबा कोण करून देतं? तंबाखू? "न्हाई, काका." घरात पाणी कोण भरतं? "मी आन आई. पाणी आलं की मी कामावर उशिरा जातो." हे उत्तर ऐकून वरच्यांचा चेहरा असा काही उजळला की मी घाबरलोच, हा माणूस मुलगी देऊन मोकळा होतोय की काय! पण ते जमिनीकडं बघत म्हणाले, "मुलगा लाखात एक हाय. पण आमच्या वैजूनं जमवलंय. पुण्याचा हाय."

म्हातारे उठले, वरच्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मग काय बी इशय न्हाय. पोरीच्या मनासारकं झालं पायजे." काखेतली गुंडाळी त्यांनी वरच्यांच्या मांडीवर ठेवली. घोंगडी होती. "हिच्यात त्या मेंढराची बी लोकर हाय. सून म्हनून आनली हुती, आता लेक म्हनून द्या तिला."

ते गेल्यावर ही बाहेर आली. "अहो, नाही म्हणून मोकळं व्हायचं की!" वरचे घोंगडीवरून हात फिरवत होते. "न्हाई कसं म्हणू वहिनी? माझ्याच तोंडानं?"

आता चार माणसांत बोललेल्या शब्दाला जागून वैजूचं लग्न करायलाच हवं होतं. त्याच लग्नसराईत चाकांच्या बॅगेचं काम आलं. वरचे आमची नवी बॅग मागून घेऊन गेले, ती ओढत गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत नेली, तिथं थोडा वेळ उभे राहिले आणि परत आले. लिहिलेलं त्यांनी मला वाचायला दिलं. 'मुलीच्या पाठवणीसाठी घेतली. चाकं गुळगुळीत आहेत, अजिबात आवाज करत नाहीत. दोन तारे.'

"आवाज नाही तर मग दोनच का?" मी विचारलं.

"मुलगी गेलेली कळलंच न्हाई मालक. निदान कोपऱ्यापर्यंत तरी आवाज यायला पाहिजे हुता."

त्यानंतर लिहिणं थांबलं. कामं येत होती, पण वरचे ती घोंगडी पांघरून भर उन्हाळ्यात पंख्याखाली पडलेले. कागदावरच्या मंडळी घरात होत्या, पण त्यांच्याशी यांचं बोलणं कधी फारसं नव्हतंच, असं म्हणाले. हिनं सुचवलं, "वैजू माहेरी आलीय म्हणून लिहा की!" तर म्हणाले, "उठसूट माहेरी आणली तर तिच्या सासरचे काय म्हणतील?" मी त्यांची टर उडवायचा खूप प्रयत्न केला. उडेना.

मग परवा दुपारी जिन्यात पावलं वाजली. वरचे दाढी करून, धुतलेला शर्ट घालून उभे. "मालक," ते म्हणाले, "डायपरचं काम आलंय."

हिच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "म्हणजे वैजूला?"

"हां," वरचे इतके लाजले की टक्कलसुद्धा लाल झालं. "मुलगा. पहिलंच म्हणून माहेरी आणलीय. आता तर कुणी काय म्हणणार न्हाई की!"

बोलता बोलता त्यांचा हात सवयीनं जिन्यातल्या नळाखाली गेला. नळ कोरडा ठणठणीत. मीच बसवलेला. त्यांनी बोटं एकमेकांवर घासून पाहिली, "असू दे, दुसरं कायतरी बघतो," म्हणाले आणि हळूहळू वर चढून गेले.

पाणी यायला अजून दोन दिवस होते आणि टाकी अर्धी झाली होती. मी आत जाऊन पाना आणला आणि नळाशी वाकलो. मागं ही उभी असल्याचं कळत होतं. आता माझी खरडपट्टी निघणार, म्हणून मी मान खाली घालूनच पाना लावला.

"बेतानं ढिला करा," ही म्हणाली. "तान्हं आहे अजून."