गुत्त्यात ये

मला वाचवलं ते मिरची कांडपावरच्या आत्तीनं. ती माझ्या नात्यातली कुणी नाही. सासरच्या गावातल्या थोरल्या बायकांना आम्ही आत्तीच म्हणतो. हे आधी लिहून टाकते. पुढचं लिहिताना हात थांबलाच तर निदान एवढं तरी झालेलं असावं.

माझं माहेर कवठे महांकाळकडं. नववीतून शाळा सुटली, अठरा भरताच लग्न होऊन वडूजच्या बाजूला आले. नवरा प्याला की मारायचा. प्यालेला नसेल तेव्हा नेम धरून मारायचा.

एकदा नळावर आत्तीनं माझा सुजलेला गाल पाहिला. घागर उचलता उचलता हळूच म्हणाली, "लयच झालं तर गुत्त्यात ये. कवाबी ये."

गुत्ता म्हणजे दारूचं दुकान. मला वाटलं, म्हातारी टोमणा मारतेय, नवरा बसतो तिथं तूही जाऊन बस म्हणून. रडत घरी आले. पुढच्या वेळी मी कुठंच पळाले नाही. त्यानं पाट्यावरचा वरवंटा माझ्या डाव्या हातावर घातला. वाळकी तुरकाठी मोडावी तसं हाड मोडलं, आवाज मला ऐकू आला.

प्लास्टर बघायला आलेली जाऊ कपाळावर हात मारून म्हणाली, "आगं येडे, गुत्ता म्हंजे आपलं सभागृह!"

त्या जागी पूर्वी देशी दारूचं दुकान होतं. बायकांनी मतदान घेऊन बाटली आडवी केली, म्हणजे दुकान बंद पाडलं. त्याआधी दुकानदाराच्या माणसांनी काहीजणींची डोकी फोडली होती, त्यात आत्तीचंही. पुढं त्याच भिंतींवर पत्रा टाकून सभागृह झालं. हळदीकुंकू तिथं, बचत गट तिथं, कोपऱ्यात मिरची कांडायचं मशीन. पाटीवर 'महिला सभागृह' आहे, पण बायका गुत्ताच म्हणतात. आत्तीला विचारलं तर म्हणाली, "नाव बदाललं तर आमी काय मोडलं ते कुणाला कळंल?"

उन्हाळ्यात एका दुपारी चहा निवला म्हणून त्यानं मला केसांना धरून अंगणात फरफटवलं. पोटात लाथा घातल्या. ऊसतोडीचा कोयता आणायला तो आत वळला, तशी मी सुटले ती थेट गुत्त्यात. चटणी, म्हणजे लाल तिखट, कांडायला बायका जमल्या होत्या. आत्तीनं मला मशीनमागं ढकललं आणि दार अडवून उभी राहिली.

"बाजूला हो, म्हातारे. माजी बायकू हाय ती."

"आसंल तुज्या घरात. हितं आमची हाय."

त्यानं कोयता उगारला. तिनं हात आडवा घातला. तिची दोन बोटं उंबऱ्यावर पडली.

मग बायका तुटून पडल्या. कुणाच्या हातात उलथनं, कुणाच्या हातात पाट. त्याच्या डोळ्यांत, तोंडात मुठीनं चटणी कोंबली. तो गुरासारखा हंबरत होता. एक म्हणाली, "तिखट बरुबर हाय का रं?" आणि त्या रक्तात दोघी हसल्या. मी बास म्हणाले नाही. पोलीस आले तेव्हा त्याचे पुढचे दात फरशीवर होते.

भावाचं तमिळनाडूत गलाईचं दुकान आहे, सोनं वितळवायचं. त्यानं मला इकडं आणलं. मी कामगारांचा स्वयंपाक करते. दारावर थाप पडली की अजून हातातलं लाटणं सुटतं. नवरा जामिनावर सुटून गावातच आहे.

परवा फोन केला. "आत्ती, हात कसा हाय?"

"बरा हाय की. अंबाडाच तेवढा बांदता येत न्हाई. सून विंचारती, पर आशी वडती, जणू रेडा बांदायचाय दावणीला!"

ती हसली. मला हसता आलं नाही.

वडूजच्या स्टँडवर उतरायचं नुसतं मनात आलं तरी उठून दाराची कडी लावते. तरी मी येणार आहे, आत्ती. भर दिवसा, सगळ्या गावादेखत तुम्हाला पुढ्यात बसवून तुमच्या केसांचा गुंता सोडवणार, अंबाडा बांधून देणार. तो समोरून गेला तरी उठणार नाही. तवर दम धरा.