पंचफुलाबाईंनी न मारलेली लाथ

सेलूच्या पंचफुलाबाईंची लाथ खाल्ली नाही असा मोठा माणूस आमच्या भागात शोधूनच काढावा लागेल. एका तहसीलदाराने खाल्ली, दोन सरपंचांनी खाल्ली, आणि कथा सांगायला आलेल्या एका महाराजांनी तर मागच्या दाराने येऊन खाल्ली. कारण बाई पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय पुढे करून आलेल्या. अशा माणसाचा पाय कंबरेला लागला की भरलेली उसण निघते, असा आपल्याकडचा समज. खरंच निघते का, ते मला विचारू नका. बाईंसमोर ‘अजून दुखतं’ म्हणायची कोणाची छाती होत नाही, एवढं मात्र मी पाहिलं आहे.

एरवी बाई वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवतात आणि आठवडी बाजारात विकतात. लाथ हा धंदा नव्हे, तो मान. माणसाने भिंतीला हात टेकून वाकायचं, बाईंनी टाचेने हलकासा धक्का द्यायचा, वरून चहा पाजायचा. तरुणपणी आमच्या मधुकररावांना आठवड्यातून दोनदा उसण भरायची. लग्न झालं, देवकाबाई घरात आल्या, आणि मधुकररावांची उसण जी गेली ती कायमची. त्या दिवसापासून देवकाबाई पंचफुलाबाईंच्या अंगणात कधी फिरकल्या नाहीत.

म्हणून गेल्या उन्हाळ्यात देवकाबाई सून सरिता आणि नात आचल यांना घेऊन त्या अंगणात शिरल्या, तेव्हा अख्खी गल्ली कामधंदा सोडून दारात उभी राहिली.

“घे, मार एक,” देवकाबाई म्हणाल्या. “पोरीचा खांदा उतरला. दप्तराचं ओझं, दुसरं काय!”

बारा वर्षांची आचल वाकली. बाईंनी पाय उचलला आणि तसाच खाली ठेवला.

“काऊन वं, पाय आखडला का?”

“थांब जराशी.” बाईंनी पोरीच्या पाठीवरून हात फिरवला. “देवके, पाह्य. इकडून वरंबा, तिकडून सरी. सरळ पाठ अशी नाई राहत. मी नाई मारत.”

“साऱ्या गावाले मारतं, अन् माह्या नातीले नाई?”

“गावाची उसण राहते. हे हाड हाय, अन् पोरगी अजून वाढून राह्यली. माह्या पायाचं काम नाई हे. डॉक्टरले दाखव.”

देवकाबाई तणतणत निघाल्या. पंचफुलीने पन्नास वर्षांचा राग पोरीच्या पाठीवर काढला, असं त्यांनी घरापर्यंतच्या प्रत्येक दाराला थांबून सांगितलं.

सरिता शहाणी. तिने मोबाइलवर सिंदी मेघेचा एक कायरोप्रॅक्टर शोधला, नीरज नावाचा. त्याच्या व्हिडिओत माणसांच्या पाठी पापड मोडल्यासारख्या कडकड वाजत. देवकाबाईंना तो आवाज फार आवडला. दवाखान्यात शिरताच त्यांनी पहिला प्रश्न टाकला, “डॉक्टर, तुमी पायाळू का?”

“नाही आजी, मी सिझेरियन.”

नीरजने आचलला पुढे वाकवलं, पाठ पाहिली आणि हात मागे घेतला. “पाठ आखडली, दुखली तर ती मी मोकळी करू शकतो. पण हा कणाच बाजूला वाकला आहे. याला स्कोलिओसिस म्हणतात. तो माझ्या हाताने सरळ होत नाही, आणि होतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. एक्स-रे काढा, कण्याच्या डॉक्टरांना दाखवा. वाढीचं वय आहे, उशीर नको.”

“हेच तं ते पंचफुली म्हणे,” देवकाबाई पुटपुटल्या. परतताना एसटीत त्यांनी खिडकीच्या जागेसाठी कोणाशी भांडणही काढलं नाही. सरिता सांगते, तिच्या लग्नापासून पहिल्यांदाच.

एक्स-रेत वाक निघाला अठ्ठावीस अंशांचा. डॉक्टरांनी प्लास्टिकचा ब्रेस दिला, काखेपासून कंबरेखालपर्यंत. रोज अठरा तास, उंची वाढायची थांबेपर्यंत. नेमाने घातला तर वाक बहुधा तिथेच थांबेल. नाही घातला तर पुढे ऑपरेशनची वेळ येऊ शकते.

आचलने घातला. निदान घरच्यांना तसं वाटलं. खरं म्हणजे ती शाळेत जाताना पंचफुलाबाईंच्या कोठ्यात, म्हणजे गुरांच्या गोठ्यात शिरायची, ब्रेस काढून कडब्यामागे ठेवायची आणि येताना परत चढवायची. चौथ्या दिवशी बाईंनी पकडली.

“आजी, घरी नको सांगजो. पोरी मले डबा म्हणतीन.”

बाईंनी आत जाऊन पेटीच्या तळातून एक कंबरपट्टा आणला, कोरा करकरीत. बाईंची स्वतःची कंबर तीन वर्षांपासून गेलेली! डॉक्टरांनी पट्टा दिला होता, बाईंनी एकदाही बांधला नव्हता.

“काऊन नाई बांधत?” आचलने विचारलं.

“लोकं हासतीन ना.”

“मंग मले काऊन सांगता?”

“मी कुठी काय सांगतलं? अजून तं तोंडही उघडलं नाई.”

पोरगी खुदकन हसली. तिथेच सौदा ठरला. आचलने शाळेत ब्रेस घालायचा, बाईंनी दर बाजाराला पट्टा बांधायचा, तोही लुगड्यावरून. एकीने काढला की दुसरी मोकळी.

त्या बाजारात वांगी पडून राहिली आणि लोक नुसता पट्टा पाहून गेले.

“अरे, पायाळूचीच कंबर गेली! आता तुमाले कोण लाथ मारीन वो बाई?”

“तुह्यी बायको रिकामी असन तं पाठव. तिचा हात बसला हाय म्हणते, पायही बसन.”

हसण्यावारी नेलं, पण उसणवाले येईनासे झाले. बाईंना ते लागलं. महिनाभर दुपारचा चहा एकटीने पिताना मी त्यांना पाहिलं आहे. तरी बाजाराला पट्टा सुटला नाही. शाळा सुटल्यावर आचल दुकानावर यायची आणि बोटाने आपला ब्रेस टकटक वाजवून दाखवायची. तेवढ्यावर बाईंची सगळी मेथी खपल्यासारखी व्हायची.

सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे झाला. अठ्ठावीसचे अठ्ठावीसच. डॉक्टर खूश. म्हणाले, असंच चालू ठेवा, उंची थांबायला अजून दोनेक वर्षं लागतील.

देवकाबाईंनी पेढे वाटले आणि पहिला पेढा घेऊन स्वतः पंचफुलाबाईंकडे गेल्या. बाईंनी पेढा तोंडात टाकला आणि मग त्यांच्या ध्यानात आलं.

“दोन वर्षं? मले तं पट्टा सहा हप्त्यांचाच सांगतला होता!”

तेव्हापासून दर रविवारी बाई आचलला भिंतीशी उभी करतात आणि कोळशाने रेघ मारतात. सेलूत पोरीची उंची थांबावी म्हणून देवाला हात जोडणारी एवढी एकच बाई. परवाच्या रविवारी रेघ पुन्हा बोटभर वर सरकली.

“देवके, काय खाऊ घालून राह्यली वं पोरीले?”

“साजूक तूप.”

“बंद कर ना माय!”

“आजपासून दोन चमचे,” देवकाबाई म्हणाल्या, आणि बाईंच्याच खाटेवर ऐसपैस बसून त्यांनी चहा मागितला.