इसाराआधीचा चहा

प्लॉट घ्यायचाय म्हणून कुणी सल्ला विचारायला आलं, की आधी भाव सांगायचं, मग रस्ता किती फुटी आहे ते, मग जवळपास कुठलं कॉलेज येणार आहे ते. अक्का सगळं ऐकून घ्यायच्या. मध्येच गिऱ्हाईक आलं तर त्याला पेन, वही देऊन मोकळं करायच्या आणि मग विचारायच्या, "विकणाऱ्याला बहिणी किती हाईत?" समोरचा गडबडायचा. नवरा बायकोकडे बघायचा, बायको नवऱ्याकडे. जमिनीच्या व्यवहारात हे काय मध्येच, असं दोघांच्याही तोंडावर दिसायचं. "ठावं न्हाई का? मग जावा, हुडकून काढा तिला. तिच्या घरी चहा पिऊन या. इसाराच्या पैशाचं मग बोलू."

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांच्या दुकानात उधारीवर खडू घेत उभा होतो. हिमायतनगरकडचा मी, लातूरला ज्युनिअर कॉलेजात नोकरी लागली म्हणून आलो आणि अक्कांचा भाडेकरू झालो. क्लासेसच्या गल्लीत त्यांचं घर. खाली स्टेशनरीचं दुकान, वर खेड्यापाड्यांतून शिकायला आलेल्या मुलींच्या खोल्या आणि मागच्या बाजूला आम्ही दोघं नवराबायको. कपाळाला भस्माचे पट्टे, दोरीनं गळ्यात अडकवलेला चष्मा आणि पाय वर घेऊन खुर्चीत बसलेल्या अक्का, हे त्या दुकानाचं कायमचं दृश्य होतं. मालक लवकर गेले, मुलगा पुण्यात रमला. अक्कांनी एका खोलीच्या भाड्यातून दुसरी खोली बांधली, खोल्यांच्या भाड्यातून पहिला प्लॉट घेतला आणि हळूहळू गावाच्या चारी बाजूंना त्यांचं काही ना काही झालं. पाटी नव्हती, जाहिरात नव्हती, दलाली तर त्या घेतच नसत. तरी संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर दोन-तीन जण तरी सल्ल्यासाठी बसलेले असायचे.

मला नसत्या चौकशा करायची खोड आहे. बायको म्हणते, मी मास्तर झालो नसतो तर पोलिसात असतो. त्यामुळे खडू, डस्टर, रिफिल असं काहीही निमित्त काढून मी संध्याकाळी दुकानात जाऊन उभा राहू लागलो.

येणारे बहुतेक भ्यालेले असत. आयुष्यात पहिल्यांदाच एवढी मोठी वस्तू घ्यायची, फसलो तर काय, ही भीती. अक्का त्या भीतीला कधी हसल्या नाहीत. उलट कुणी फारच बेफिकिरीनं बोलायला लागलं की त्यांचा चेहरा उतरायचा. त्यांचं म्हणणं असं, की भ्यालेलं माणूस चार ठिकाणी विचारतं, म्हणून वाचतं. एका अंगणवाडीच्या बाई आल्या होत्या. साठवलेले पैसे इतके थोडे, की सांगायलाच लाजत होत्या. अक्कांनी त्यांना आत नेऊन जेवायला बसवलं आणि सांगितलं, "लहान घे, लांब घे, पण तुझ्या नावावर घे. दुसऱ्याच्या नावावरल्या बंगल्यापरीस सवताच्या नावावरला तुकडा बरा." त्या बाईंनी रेणापूरकडे खरंच एक तुकडा घेतला. पेढे द्यायला आल्या तेव्हा अक्का दुकानातल्या सगळ्या पोरींना हाका मारून मारून ते वाटत होत्या.

जागा बघायला जाण्याचीही त्यांची एक रीत होती. एजंटच्या गाडीत बसायचं नाही. त्याच्या गाडीत बसलं, त्याचं थंड प्यालं, की आपली जीभ त्याची होते, असं त्या म्हणायच्या. आपल्या पैशानं ऑटो करायचा आणि भर दुपारी जायचं. प्रवेशाची कमान, रंगीत झेंडे, आखलेले रस्ते यांच्याकडे बघायचंच नाही. सरळ शेजारच्या घरात जाऊन तांब्याभर पाणी मागायचं. आमच्या लातुरात कुणाच्या दारात पाणी मागणं ही साधी गोष्ट नाही. पाणी कसं आहे, बोअर किती खोल गेलाय, टँकर कधी लागतो, माणसं दारातून बोलतात की आत बोलावतात, एवढं सगळं त्या एका तांब्यात कळायचं. सगळं मनासारखं असलं तर पाणी पिऊन, पदरानं तोंड पुसून त्या म्हणायच्या, "आयतु." अक्कांचं माहेर उदगीरच्या पलीकडे, त्यामुळे बोलण्यात अधूनमधून कानडी यायचं. आयतु म्हणजे झालं, ठरलं. तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकायला माणसं कान टवकारून उभी असायची.

आमच्या वेळेला हा आयतु निघता निघेना.

रेणापूर रस्त्याला एक प्लॉट आमच्या मनात भरला होता. बायकोनं तर मनातल्या मनात स्वयंपाकघरही कुठं करायचं ते ठरवून टाकलं होतं. तिच्या माहेरचे थोडे, माझे थोडे, उरलेले बँकेचे, असा मेळ बसत होता. शेजारचं पाणीही पिऊन झालं होतं आणि चांगलं होतं. एजंट रोज फोन करायचा, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणायचा. अक्का मात्र बहिणीवर अडून बसल्या. सातबाऱ्यावर विकणाऱ्याचं एकट्याचं नाव आहे, मी तहसीलमधून कागद आणून दाखवले. "कागद तुम्ही बघितला सर. मला बाई बघायचीय," त्या म्हणाल्या. चौकशी केली तर विकणाऱ्याला एकच बहीण आणि ती दिलेली माहूरला. लातूरहून माहूर काय जवळ आहे? बायको दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. अक्का म्हणाल्या, देवीचं दर्शन तरी होईल, चला.

गडाच्या पायथ्याशी त्या बाईंचं ओटीच्या सामानाचं दुकान होतं. नारळ, खण, हळदकुंकू. आम्ही गिऱ्हाईक म्हणून ओटी घेतली आणि मग अक्कांनी ओळख सांगितली. तुमच्या भावाची जमीन हे सर घेऊन राहिलेत, तुमच्या कानावर हाय ना? बाईंच्या हातातला नारळ हातातच राहिला. त्यांच्या कानावर काहीच नव्हतं. त्या रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. स्टूल पुसून आम्हाला बसायला दिलं, चहा मागवला आणि एवढंच म्हणाल्या, "सही मी देईन. पर त्यानं येऊन मागावं. एवढी बी लांब न्हाई मी."

परतीच्या एसटीत मी अक्कांना गाठलंच. दर वेळी हे का, असं आधी विचारलं की त्या कोर्टकचेरी नको म्हणून, असं म्हणून उडवून लावायच्या. हिमायतनगरच्या स्टँडवर गाडी बराच वेळ थांबली. माझं गाव, पण मी उतरलो नाही. मी पुन्हा विचारलं आणि या वेळी त्या बोलल्या.

त्यांचे वडील गेल्यावर भाऊ गाडी घेऊन आला होता. नवी साडी आणली होती. उदगीरला रजिस्ट्री ऑफिसात नेऊन बहिणीचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही घेतली, जेवू घातलं आणि परत आणून सोडलं. त्या जमिनीचे पुढे तुकडे पडले, प्लॉट झाले, विकले जाऊ लागले. "सही मी मनानं केली सर. भाऊच हाय, दुसरा कोन हाय? पर ज्यानी ज्यानी तिथं घेतलं, त्यातलं एक बी माणूस माझ्या दारात आलं न्हाई. बाई हो, तुझ्या बापाची जमीन घेऊन राहिलो, असं कुनीतरी म्हनावं का न्हाई? म्या लई वाट बघितली." मग त्यांनी पिशवीतून चिवडा काढला, अर्धा मला दिला आणि उरलेल्या प्रवासात झोपल्या. मला झोप आली नाही. मला अक्कांबद्दल सगळं माहीत आहे अशी माझी समजूत होती.

त्या माहूरच्या चहानं आमचा व्यवहार लांबला. एजंटनं मला फोनवर वाट्टेल ते ऐकवलं, विकणाऱ्यानं आमच्या घरात भांडण लावता का म्हणून विचारलं आणि आम्ही तो प्लॉट सोडून दिल्यातच जमा होता. पण दिवाळीत भाऊबिजेला विकणारा माहूरला गेला. काय बोलणं झालं कुणास ठाऊक, रजिस्ट्रीच्या दिवशी मात्र बहीण भावाच्या शेजारी बसून होती आणि सही करायच्या आधी तिनं माझ्या बायकोची ओटी भरली. जास्तीचे पैसे गेले ते गेलेच, तोवर भाव चढला होता. त्या घराच्या ओसरीत बसूनच मी हे लिहितो आहे.

आम्ही राहायला गेल्यावरही रविवारी अक्कांकडे चक्कर असायचीच. गुडघे गेले, दुकान बंद झालं, अक्का व्हरांड्यातल्या खाटेवर आल्या. आता मला माहीत होतं म्हणून दिसायचं, की फाटक वाजलं की त्या मान वर करून बघायच्या. सल्ला विचारायला आलेला असला की त्याला नीट सल्ला द्यायच्या. पण आधी बघायच्या.

अशाच एका रविवारी मोटारसायकलवर एक तरुण जोडपं आलं. उदगीरहून आले होते. मुलगी तिथल्या दवाखान्यात नर्स, मुलाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. मुलीच्या हातात केळी होती. ती दारातच थांबली आणि बिचकत बिचकत म्हणाली, "आजी, शिवलिंगआप्पांच्या बहीण तुम्हीच ना? आम्ही त्यांच्या लेआउटमधला प्लॉट घेऊन राहिलो. तुमची सही आहे कागदावर, पण आमच्या एक मॅडम म्हणल्या, नुसती सही बघू नका, बहिणीच्या घरी जाऊन चहा पिऊन या. तुम्हाला राग तर नाही ना आला?"

मी तोंड उघडलं. ती रीत कुणाची, कुठून कुठे फिरत गेली, हे सगळं मी सांगणारच होतो. अक्कांनी नुसता हात वर करून मला गप्प केलं. मग खाटेची कड धरून त्या उठल्या आणि कुणाला हात लावू न देता आत जाऊन स्वतः चहा टाकला. फार वेळ लागला. बाहेर आल्या तेव्हा पदर ओला होता. चहा थोडा जास्तच गोड झाला होता.

त्यानंतर त्या बोलत सुटल्या. रस्त्याच्या बाजूचा प्लॉट एजंट आधी दाखवेल, तो घेऊ नका, तिथं आमची विहीर होती, बुजवलीय, घर खचेल. वरच्या अंगाला घ्या. विहिरीला झरा तिकडूनच यायचा, बोअरला पाणी लागेल, गोड लागेल. वडील उन्हाळ्यात कुठल्या बांधावर झोपायचे, भुईमूग कुठं चांगला यायचा, हेही सांगितलं. पोरगा मोबाईलवर नकाशा काढून खुणा करत होता. कागद पक्का आहे, बिनघोर घ्या, असं त्यांनी सांगितलं. घर झालं की तुम्ही यायचंच, असं मुलगी जाताना म्हणाली.

ते गेल्यावर मला एक गोष्ट खटकली. एवढं सगळं बोलून अक्का आयतु म्हणाल्या नव्हत्या. मी विचारलं. "पानी पिल्याबिगर कसं म्हनू सर?" त्या म्हणाल्या.

घर व्हायला वर्षाच्या वर लागलं. वास्तुशांतीला मी त्यांना गाडीत घालून घेऊन गेलो. तोवर त्या फार थकल्या होत्या, बोलणं कमी झालं होतं. पुढचा उन्हाळा त्यांनी पाहिला नाही. वास्तुशांतीच्या आधी त्यांच्या मुलानं लांबचा प्रवास नको म्हणून पुण्याहून फोन केला होता, पण अक्का आदल्या दिवसापासून साडी काढून बसल्या होत्या. भाऊ दवाखान्यात होता. भाचा आला, पाया पडला आणि जरा बाजूला जाऊन उभा राहिला. वाटेत अक्का मला एकेक खूण दाखवत होत्या. त्यातलं बहुतेक आता काहीच उरलं नव्हतं, तरी मी हो हो म्हणत होतो.

त्या नर्स मुलीनं त्यांना उंबऱ्याच्या आत खुर्ची दिली आणि जेवायला चला म्हणाली. अक्कांनी आधी पाणी मागितलं. तिनं जारचं थंड पाणी आणलं, ते त्यांनी परत पाठवलं. मग पोरीनं बोअरच्या नळाखाली तांब्या भरून आणला. अक्कांनी दोन्ही हातांनी तो धरला आणि न थांबता सगळा प्यायल्या. तोंड पुसलं, रिकामा तांब्या मांडीवर ठेवला आणि दाराबाहेर बघत अगदी हळू म्हणाल्या, "आयतु."

मग त्या जेवायला उठल्या.