समुपदेशन कक्षाची पहिली लाभार्थी

"टीसी द्या जी. पोरीले घरी घेऊन जातो."

नामदेवभाऊ उभेच होते. मी खुर्ची पुढे सरकवली, तर त्यांनी खुर्चीकडे असं पाहिलं, जणू तिच्यावर बसलं की आपल्यालाही काहीतरी लागेल. त्यांच्यामागे त्यांचे मेहुणे, म्हणजे पोरीचे मामा, ईश्वरभाऊ. आणि त्या दोघांच्या मागे, व्हरांड्यात, बॅग छातीशी धरून पायल. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, पेपर जवळ आलेले, आणि बाप नाव काढायला आलेला.

हे सगळं एका फोटोमुळे झालं होतं. त्या फोटोत मी हसत होतो, हेही सांगून टाकतो.

मी मूळचा खेळाचा सर. भंडाऱ्यातल्या एका कॉलेजात पोरांना कबड्डी शिकवायचो. गुडघ्यांनी राजीनामा दिला तेव्हा प्राचार्यांनी मला समुपदेशन कक्षाचा प्रमुख केलं. समुपदेशन म्हणजे काउन्सेलिंग. समोरच्याचं मन लावून ऐकायचं, मधे तोंड घालायचं नाही, उपदेश करायचा नाही. त्याचं ऑनलाइन ट्रेनिंग मी घेतलं होतं. घरी हे सांगितलं तेव्हा बायको पोळी लाटायची थांबली. "तुम्ही? ऐकून घेणार? लोकाचं?" आणि मुलीला हाक मारली, "ये वं, बाबाची नवी नोकरी ऐक." त्या दिवशी आमच्या घरी बराच वेळ हसणं झालं. मी ते मन लावून ऐकलं.

कक्ष म्हणजे जुनी खेळाच्या सामानाची खोली. लेझीम आणि फाटके नेट बाहेर काढले, दोन खुर्च्या ठेवल्या, दारावर पाटी लावली: मानसिक आरोग्य व समुपदेशन कक्ष. सहा महिने कोणी फिरकलं नाही. कारण साधं होतं. आमच्याकडची पोरं एसटीने येतात. अड्याळची पोरगी कॉलेजात कोणत्या खोलीत गेली, हे तिची बस अड्याळला लागायच्या आधी तिथल्या स्टँडवर माहीत असतं. अशा पाटीखालून आत शिरायला वाघाचं काळीज लागतं.

ते पायलकडे होतं. एक दिवस दुपारी ती आली आणि म्हणाली, "सर, इथं बोललेलं बाहेर जात नाही म्हणतात. खरं आहे का?"

"खरं आहे."

मग ती बोलली. काय बोलली ते मी तुम्हाला सांगणार नाही. आमच्या धंद्याचा तो पहिला नियम आहे. कोणाच्या जिवाला धोका असेल तरच तो मोडायचा. इथे तसं काहीच नव्हतं. चारचौघींना असतं तेवढंच ओझं होतं, ते तिने थोडा वेळ खाली ठेवलं.

ती निघणार तेवढ्यात प्राचार्य दारात. त्यांच्या हातात मोबाइल, आडवा धरलेला.

इथे जिओ-टॅग फोटो म्हणजे काय ते सांगायला हवं. फोटोच्या खालीच जागा, तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश असं सगळं छापून येतं. कॉलेजचं मूल्यांकन करायला बाहेरून समिती येते, तिला प्रत्येक कामाचा पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे हा फोटो. आमच्याकडे वृक्षारोपणाची झाडं गेली, फोटो जगले.

"अरे वा! पहिली विद्यार्थिनी! हसा सर, हसा बेटा."

मी हसलो. कॅमेरा समोर आला की मी हसतो, माझ्या लग्नाच्या अल्बममध्येही दर फोटोत तोच चेहरा आहे. पायल हसली नाही. फोटो कॉलेजच्या ग्रुपवर गेला. खाली प्राचार्यांनी स्वतः लिहिलं होतं: आपल्या मानसिक आरोग्य कक्षाची पहिली लाभार्थी. तिथून तो पायलच्या गावच्या, म्हणजे अड्याळच्या ग्रुपवर गेला, आणि तिथल्या लोकांनी त्यातला ‘मानसिक’ एवढा एकच शब्द वाचला.

"पोरगी मेंटल हाय म्हणते सारं गाव," ईश्वरभाऊ म्हणाले. शहापूरला हायवेवर त्यांचं चहा-नाश्त्याचं हॉटेल आहे. आवाज ट्रकवाल्यांना पोचेल असा. "मंडईत पाव्हणे येऊन राहिले तिले पाहाले. म्या जमवलं होतं ते. आता त्यायले काय सांगू?"

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडईची जत्रा भरते. दंडार हे लोकनाट्य असतं, नाटक असतं, घराघरात पाहुणे असतात आणि त्यात सोयरिकीही उरकतात. त्यात मामाचा शब्द बापाच्या शब्दाहून अर्धी पायरी वर. नामदेवभाऊ तलावात जाळं टाकणारे, कमी बोलणारे. पाणी हललं तर मासे जातात, ही सवय त्यांनी घरीही लावून घेतलेली. त्यामुळे मला जिंकायचं होतं ते मामांना.

"तिले काही झालेलं नाही," मी म्हणालो.

"मंग आली कायले होती?"

"ते मला सांगता येत नाही."

"पाहा! म्हणजे काहीतरी हायच."

"सांगता येत नाही म्हणजे नियम आहे, भाऊ."

"बापाले नाही सांगत? सख्ख्या मामाले नाही सांगत? हा कोणता नियम जी?"

नामदेवभाऊंनी पोरीकडे वळून विचारलं, "तूच सांग बाई. काय बोलली?"

पायल म्हणाली, "बाबा, घरी सांगीन. मामाजीसमोर नाही."

झालं. मामांचा पारा असा चढला की मला क्षणभर शिट्टी मारून खेळ थांबवावासा वाटला. टीसी आत्ताच्या आत्ता पाहिजे, नाही तर इथंच बसतो, असं ते म्हणाले. आणि खरंच बसले. त्याच खुर्चीत.

आता मी काय करावं? ट्रेनिंगमध्ये चिडलेल्या पालकांवर एक धडा होता, पण त्या दिवशी आमच्याकडे लाइट नव्हती. मला सुचलं ते मी केलं. नामदेवभाऊ आणि पायलला म्हणालो, जरा व्हरांड्यात बसा. दार लोटलं, समोर बसलो आणि विचारलं, "ईश्वरभाऊ, लईच दमलेले दिसता. काय होऊन राहिलं?"

खरं म्हणजे हे काही कसब वगैरे नव्हतं. मला फक्त त्यांचा आवाज खाली आणायचा होता, शेजारी प्राध्यापकांची मीटिंग चालू होती.

सुरुवात सरकारपासून झाली. मग हायवे, मग सिलिंडरचे भाव. मी मान हलवत राहिलो. मधेच मला तीन उत्तम सल्ले सुचले, ते मी गिळले. माझ्या आयुष्यातला हा विक्रम आहे, बायकोचा अजून विश्वास बसलेला नाही. मग ईश्वरभाऊंचा आवाज खाली आला. आणखी खाली आला. मग ते अशा एका गोष्टीवर आले, जी त्यांनी घरी कधी काढली नव्हती. ती मी सांगणार नाही. बोलता बोलता त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने डोळे पुसले आणि म्हणाले, "तिखट हाय हवेत."

आमच्या कॉलेजच्या हवेत तिखट नसतं. मी मान हलवली.

नेमकं तेव्हा दार उघडलं. न वाजवता. मोबाइल आधी आत आला, मागून प्राचार्य.

"अरे वा! पालक भेट! हसा."

मामांनी दुपट्टा डोक्यावरून ओढून पार तोंड झाकून घेतलं. आतून आवाज आला, "फोटो कायले काढून राहिले जी? मी का पागल हाओ?"

दार उघडंच होतं. व्हरांड्यातून पायल शांतपणे म्हणाली, "मीही नाही ना, मामाजी."

दुपट्टा हळूहळू खाली आला. मामांनी भाचीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मोबाइलकडे. आणि जो पारा माझ्यावर चढला होता, तो सगळाच्या सगळा प्राचार्यांकडे वळला.

"डिलीट करा."

"अहो, पण फाइलला लागतो…"

"फाइलमंदी तुमचा लावा. बसा इथं या खुर्चीत, मी काढतो. पाठवतो शहापूरच्या ग्रुपवर. पाहू तुमी हसता का."

प्राचार्य बसले नाहीत. त्यांनी फोटो काढून टाकला. मामांनी तो गेल्याची खात्री करून घेतली आणि म्हणाले, "आता पोरीचा. ग्रुपवरचा बी." तोही गेला. पुढे फिरलेला फोटो काही परत येत नसतो, पण तेवढं तरी झालं.

नामदेवभाऊ आत आले. इतक्या वेळात त्यांना एकच प्रश्न पडला होता. "ईश्वर, एवढा वेळ बोलला तरी काय तू?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. असा चेहरा मी कबड्डीत शेवटच्या चढाईला एकटा उरलेल्या खेळाडूचाच पाहिला आहे.

"नामदेवभाऊ, ते मला सांगता येत नाही," मी म्हणालो.

"नियम हाय भाऊजी!" मामा लगेच म्हणाले. "सर सांगून राहिले ना, नियम हाय. कायले खोदून राहिले उगाच?"

नामदेवभाऊ पहिल्यांदा हसले. मग म्हणाले, "आन टीसीचं?"

"पेपर होऊ द्या तिचे," मामा म्हणाले आणि चप्पल शोधू लागले. चप्पल त्यांच्या पायातच होती.

पायलने विचारलं, "मामाजी, बरं वाटलं का?"

"चूप बस, पोट्टे," मामा म्हणाले. पण हळू म्हणाले.

गावातलं बोलणं मामांनीच मोडून काढलं. हॉटेलवर जो येईल त्याला ते सांगू लागले, की त्या खोलीत पंखा चांगला आहे, म्हणून पोरं बसतात, मीही बसून आलो. मंडईला पाहुणे आले नाहीत, त्यांनी दुसरीकडे पाहिलं होतं. याचं पायलला किती दुःख झालं हे मला माहीत आहे, पण सांगता येत नाही. तिने पेपर दिले, पास झाली, आणि आता पुढे शिकायला नागपूरला आहे.

आम्ही पाटी काढली. आत मोबाइल आणायला बंदी केली, त्यात प्राचार्यही आले. मग पोरं हळूहळू येऊ लागली.

मूल्यांकन समिती आली तेव्हा त्यांनी कक्षाची फाइल मागितली. शेवटी आम्ही दोन रिकाम्या खुर्च्यांचा फोटो दाखवला, अक्षांश-रेखांशासकट. समितीने शेरा दिला: कक्षाचे कार्य समाधानकारक, पुरावे अपुरे. प्राचार्य अजून हळहळतात. मला मात्र या नोकरीत एवढंच कळलं आहे, की आमच्या खोलीचे पुरावे ज्या दिवशी पुरेसे होतील, त्या दिवशी आत कोणी येत नसेल.