धुतलेला पाइप

माझा एक दुर्गुण आहे. मला घाण सहन होत नाही. आणि पीएचडीला विषय घेतला काय, तर खाडीचा चिखल! आई म्हणायची, "अगं, सगळं वर्तकनगर हसतंय तुझ्या पायांकडे बघून." पण खाडीनं मला वेडच लावलेलं. ओहोटीच्या वेळी होडीत उभं राहिलं की एकीकडे येऊरचे डोंगर दिसतात, दुसरीकडे पारसिकचा. दोन्ही लाव्हा थंड होऊन झालेल्या काळ्या दगडाचे. दर पावसाळ्यात ते कणाकणानं झिजतात आणि खाडीत येऊन बसतात. म्हणजे आपण ज्याला बघून नाक मुरडतो तो चिखल म्हणजे खाली उतरलेला डोंगर. हे पहिल्यांदा डोक्यात शिरलं तेव्हा अंगावर सर्रकन काटा आलेला.

मला शोधायचं होतं ते एवढंच: माणसं डोंगर फोडायला लागल्यापासून खाडीत जाड कण जास्त येतायत का? त्यासाठी प्लॅस्टिकचा पाइप चिखलात उभा दाबायचा आणि तसाच उपसायचा. आत थर जसेच्या तसे मिळतात. खालचे जुने, वरचे नवे.

जागा दाखवली एका आगरी काकांनी. त्यांचे आईवडील मिठागरात राबलेले, लहानपणी तेही. मिठागर कधीच बंद पडलं, काकांची आता चार मजली बिल्डिंग आहे, पण ओहोटीत पाऊल कुठे टाकायचं हे त्यांना अजून पाठ. पाइप दाबता दाबता त्यांनी विचारलं, "माजे आयचा पाय निघंल का गो यात?"

मी हसले. म्हटलं, "काका, चिखलात पाय उमटतो, पण राहत नाही हो." त्यांनी मान फिरवली आणि पाइप अजून जोरात दाबला. मला तेव्हाच कळायला हवं होतं की त्यांना ते लागलंय.

पाइप निघाला, माझ्या छातीएवढा उंच. दोन्ही टोकांना बुचं लावली आणि वरचं टोक कुठलं ते कळावं म्हणून मार्करनं बाण काढला. रस्त्यावर आले तर रिक्षावाला म्हणतो, "मॅडम, ये कीचड़ लेके नहीं बैठने का." माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! टपरीमागच्या नळाखाली पाइप धरला आणि काथ्यानं घासून घासून चकचकीत केला. रिक्षावाला खूष, मीही खूष. कॉलेजात पोचले, पाइप मोठ्या फ्रिजमध्ये ठेवायला गेले आणि बघते तर काय! बाण नव्हता. चिखलासोबत तोही मी घासून काढलेला, आणि बुचं दोन्हीकडे सारखीच.

कर्म माझं! दुसरा पाइप काढावा, तर त्याच आठवड्यात तिथं भराव पडायला लागला.

माझ्या सरांनी पाइप उभा चिरायला लावला. एका टोकाकडे जाड काळे कण, दुसऱ्या टोकाकडे मऊ गाळ. मी म्हटलं, "जाड कणांची बाजू वरची, अजून काय?" सर शांतपणे म्हणाले, "तेच तर तू सिद्ध करणार आहेस ना? मग आधीच कसं धरून चालतेस?" बरोबरच होतं. पाइप उलटा धरला की माझी गोष्टच उलटी. वर्षानुवर्षांची मेहनत मी नळाखाली धुऊन टाकलेली. बाथरूममध्ये जाऊन ढसाढसा रडले.

मग काकांना फोन केला. भरावातून वाचलेला एखादा कोपरा असेल तर बघा म्हटलं. ते म्हणाले, "आधी तो पाइप दाखव मना." इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून कॉलेजात आले आणि चपला लॅबच्या दाराबाहेर काढल्या. फ्रिजमधून काढलेला पाइप टेबलावर होता. त्याच्या मधोमध बोटभर जाडीची एक कडक पट्टी होती. मी तिला वाळलेला गाळ समजून सोडून दिलेलं. काकांनी त्यावर अंगठा ठेवला.

"ही तं आमच्या वाफ्याची जमीन. आय न बाकीच्या बाया नाचून नाचून तुडवायच्या. पानी खाली जिरलं तं मीठ कसलं धरतंय? त्याचे आधी इथं तिवरं होती. ती तोडली, मुलं खाली राहिली."

मुळं! मी भिंग ओढलं. पट्टीच्या एका बाजूला केसांएवढी तपकिरी मुळं थेट तिच्यापर्यंत येऊन थांबलेली. दुसऱ्या बाजूला एकही नाही, आणि जाड काळे कणही त्याच बाजूला. सरांनी भिंगातून बघितलं, खूप वेळ बघितलं. मग मार्कर माझ्यासमोर ठेवला. "काढ बाण."

मी बाण काढला, मुळांकडून काळ्या कणांकडे. अगदी खाली गाळ, तो इथं कोणी राहत नसतानाचाही असेल. त्यावर तिवरांचं जंगल. सगळ्यात वर आपण फोडलेला डोंगर. आणि मध्ये, बोटभर, अनवाणी बायका. एवढं सगळं माझ्या छातीएवढ्या पाइपात! मी आजवर इतकी लहान कधी झाले नव्हते, आणि इतकी खूषही.

"काका, चुकले मी," म्हटलं. "पाय राहतो."

त्यांनी आख्खा तळहात पट्टीवर ठेवला आणि लहान पोरासारखे हसले.

"थंड हाय गो. मिठागरातनं आली का आय माजे पोटाला पाय लावायची, मी वरडायचो. असंच थंड असायचं."

पाइप आत्ताच फ्रिजमधून काढलाय, हे मी त्यांना सांगितलं नाही.